रिकाम्या मैलांची वही

पाडव्याच्या सकाळी आमच्या न्यू जर्सीतल्या एडिसनच्या घरात वहीपूजन होतं. पाटावर लाल कापड, त्यावर नवी कोरी वही, पहिल्या पानावर कुंकवाचं स्वस्तिक आणि 'श्री'. आमचं दुकान नाही, पेढी नाही. नवऱ्याची नोकरी आणि माझी गाडी, एवढाच संसाराचा व्यवहार. तरी गेली दोन वर्षं नव्या वहीशेजारी कडा मळलेली एक डायरीही पाटावर असते. तिच्यात तारीख, निघतानाचं गाडीचं रीडिंग, परतल्यावरचं रीडिंग, कुठं गेले आणि कशासाठी, एवढंच ओळीनं लिहिलेलं आहे. तिला हळदकुंकू वाहताना मला अण्णांची लॉगबुकं आठवतात.

अण्णा, म्हणजे माझे वडील, साताऱ्याला जिल्हा परिषदेच्या जीपवर ड्रायव्हर होते. साहेबांचा दौरा आटपून रात्री अकराला घरी आले, तरी जेवणाआधी लॉगबुक उघडायचे. कोठून, कोठपर्यंत, कामाचं स्वरूप, सुरुवातीचं रीडिंग, शेवटचं रीडिंग, एकूण किलोमीटर, साहेबांची सही. रकाना रिकामा राहिला तर डिझेलचा हिशेब अडायचा. महिनाअखेरीची बेरीज माझ्याकडे असे. मी कंटाळले की अण्णा म्हणायचे, "लिव्हलं नाही तर गाडी चाललीच नाही असं धरत्यात, बाळ."

न्यू जर्सीत मी स्वतः भाड्याची गाडी चालवू लागले तेव्हा ही गोष्ट विसरले होते. ती आठवायला एक वर्ष आणि बरेच डॉलर खर्ची पडले. अमेरिकेत गाडी चालवून चार पैसे मिळवणाऱ्या प्रत्येकासमोर आज एक प्रश्न असतो: मैल मोजायला कोणतं ॲप घ्यावं? प्रश्न किरकोळ वाटतो. गेली दोन वर्षं मी त्याच्या मागे आहे. वेगवेगळी ॲप्स महिना-महिना चालवून पाहिली, विमानतळावरच्या चालकांशी बोलले, करखात्याच्या पुस्तिका वाचल्या. त्यातून जे हाती लागलं ते इथं मांडते.

"तुमचे मैल किती?"

२०२३ मध्ये नवऱ्याची तेव्हाची नोकरी गेली. आमची ग्रीन कार्डं झालेली होती म्हणून मला हा मार्ग खुला होता; एच-वन-बी व्हिसावर आलेल्या माणसाला असं जोडकाम करता येत नाही. मी एका मोठ्या प्रवासी ॲपवर गाडी लावली. सकाळी शाळेतली मदतनिसाची नोकरी, संध्याकाळी आणि शनिवारी गाडी.

पुढच्या वर्षी मार्चमध्ये ओक ट्री रोडवरच्या एका करसल्लागार बाईंकडे कागद घेऊन गेले. कंपनीच्या फॉर्मवर प्रवाशानं मोजलेलं सगळं भाडं माझ्या नावावर दाखवलेलं होतं, कंपनीनं कापून घेतलेला वाटाही त्यातच. तो वजा करता येतो हे बाईंनी समजावलं आणि मग विचारलं, "मैल किती?"

मी कंपनीचं वार्षिक पत्रक पुढे केलं. त्यात मैलांचा एक आकडा होता. बाईंनी चष्मा वर करून पाहिलं. "हे कंपनीचे मैल आहेत. भाडं स्वीकारल्यापासून प्रवासी उतरेपर्यंतचे. तुमचे किती?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. तेल बदलल्याच्या दोन पावत्या होत्या आणि त्यांवर गाडीचं रीडिंग छापलेलं होतं. मधल्या काळात गाडी किती धावली ते त्यावरून कळलं, पण त्यातली धंद्यासाठी किती आणि मुलीला पोहायला नेण्यासाठी किती, हे कशावरून सांगणार? "अंदाजानं दुप्पट लिहू का?" असं मी विचारलं. बाईंनी ठाम नकार दिला. अंदाज त्या लिहिणार नव्हत्या आणि मीही लिहू नये, असं त्यांचं म्हणणं होतं. त्या वर्षी कंपनीचाच आकडा लागला. हिवाळ्याच्या रात्री विमानतळावरून एकटीनं परत आणलेली ती सगळी रिकामी गाडी हिशेबातून गेली.

मैलाचा भाव

अमेरिकेत ॲपवर गाडी चालवणारा माणूस बहुतेक राज्यांत कायद्यानं कंपनीचा नोकर नसतो. तो स्वतंत्र धंदेवाला मानला जातो. त्यामुळे पेट्रोल, टायर, विमा, दुरुस्ती, गाडीचा घसारा हे सगळं त्याच्या खिशातून जातं. बदल्यात करखातं, म्हणजे आयआरएस, त्याला दोन वाटा देतं. एक, प्रत्येक खर्चाची पावती जपायची आणि धंद्यासाठी गाडी जितकी चालली तितक्या प्रमाणात खर्च वजा करायचा. दुसरी, धंद्याचे मैल मोजायचे आणि ठरलेल्या दरानं गुणायचे. हा दर २०२३ मध्ये मैलाला ६५.५ सेंट होता, २०२४ मध्ये ६७ आणि २०२५ साठी ७० सेंट. पेट्रोल, विमा, दुरुस्ती, घसारा सगळं यात आलं. कामावरचा टोल आणि पार्किंग मात्र वेगळं लावता येतं.

समजा, एखाद्यानं २०२५ मध्ये धंद्यासाठी वीस हजार मैल गाडी चालवली. २०,००० गुणिले ७० सेंट म्हणजे १४,००० डॉलर त्याच्या मिळकतीतून वजा होतात. स्वतंत्र धंदेवाल्याला आयकराशिवाय १५.३ टक्के स्वयंरोजगार कर लागतो, कारण सामाजिक सुरक्षेचा मालकाचा आणि नोकराचा असे दोन्ही हिस्से त्यालाच भरावे लागतात. वजावटीनं हे दोन्ही कर कमी होतात. आयकराच्या १२ टक्क्यांच्या टप्प्यातल्या माणसाचा वर्षाला तीन हजार डॉलरांहून जास्त कर वाचतो. उलट बाजूनं पाहिलं तर शंभर मैल लिहायचे राहिले की सुमारे सोळा डॉलर गेले. मध्य जर्सीतून न्यूअर्कच्या विमानतळाला दोन-तीन खेपा केल्या की शंभर मैल होतात.

या दराच्या वाटेवर दोन खाचखळगे आहेत आणि नव्या चालकाला ते कुणी सांगत नाही. स्वतःच्या गाडीसाठी ही पद्धत हवी असेल तर गाडी धंद्याला लावल्याच्या पहिल्याच वर्षी ती निवडावी लागते. पुढे बदलता येते. गाडी लीजवर असेल तर एकदा निवडलेली ही पद्धत लीज संपेपर्यंत सुटत नाही. शिवाय २०२५ च्या ७० सेंटांपैकी ३३ सेंट घसाऱ्याचे धरलेले आहेत. उद्या गाडी विकताना तेवढा घसारा आधीच घेतला असं मानून नफा काढला जातो. म्हणजे पहिल्या वर्षीचे मैल गाडी विकेपर्यंत हिशेबात राहतात. म्हणून नोंद ठेवणारं साधनही तेवढं टिकाऊ हवं.

एका नटाचा खटला

करखात्याला वहीची एवढी पडलेली का असते? त्याचं मूळ शोधताना मला एक जुनी कहाणी सापडली.

जॉर्ज एम. कोहान हा ब्रॉडवेचा नट, नाटककार आणि निर्माता. धंद्यापायी त्यानं प्रवासावर आणि पाहुणचारावर सढळ हातानं खर्च केला, पण हिशेब ठेवला नाही. करखात्यानं वजावट नाकारली. १९३० मध्ये अपील न्यायालयात न्यायमूर्ती लर्नेड हँड यांनी निकाल दिला. खर्च झाला हे उघड असताना काहीच न देणं चूक आहे, जमेल तितका अंदाज बांधावा, मात्र हिशेब न ठेवण्याचा दोष ज्याचा त्याच्यावर भार टाकावा, असा त्याचा मथितार्थ. पुढची तीस वर्षं लोक या निकालाच्या आधारानं अंदाजपंचे खर्च दाखवत राहिले.

१९६२ मध्ये अमेरिकी काँग्रेसनं प्रवास आणि पाहुणचाराच्या खर्चापुरती ही वाट बंद केली. १९८४ मध्ये मोटारगाड्याही त्या नियमाखाली आल्या आणि नोंद त्याच वेळी केलेली हवी, असा शब्द कायद्यात घातला गेला. फिरतीवरचे विक्रेते, कारागीर, छोटे धंदेवाले इतके संतापले की पुढच्याच वर्षी तो शब्द काढावा लागला. आजचा कायदा 'त्याच क्षणी लिहा' म्हणत नाही. पण पुरावा पुरेसा असावा असं म्हणतो, आणि घटनेच्या आसपास केलेल्या नोंदीला नंतर आठवून लिहिलेल्या नोंदीपेक्षा जास्त वजन असतं. मैलांच्या बाबतीत कोहानचा आधार आज कुणालाही मिळत नाही.

आयआरएसची 'पब्लिकेशन ४६३' ही पुस्तिका मी चहाचा कप घेऊन दोन रात्रींत वाचली. तारीख, ठिकाण, धंद्याचं कारण, मैल. आणि वर्षभरात गाडी एकूण किती धावली तो आकडा. अण्णांच्या लॉगबुकातलेच रकाने! फक्त साहेबांची सही नाही. आठवड्याच्या आठवड्याला लिहिलेली नोंदही वेळेवरची मानली जाते. सलग चाललेल्या कामाची एकच नोंद चालते, त्यामुळे पार्सलं पोचवणाऱ्या मुलानं प्रत्येक दारासाठी वेगळी ओळ लिहिण्याची गरज नाही. आणि धंदेवाल्याच्या 'शेड्यूल सी' या पत्रकावर सरळ विचारलेलं असतं: तुमच्याकडे पुरावा आहे का? असल्यास तो लेखी आहे का?

एका संध्याकाळचे तीन मैल

विमा आणि नियमांच्या भाषेत चालकाच्या वेळेचे तीन भाग पडतात. ॲप चालू करून भाड्याची वाट पाहणं हा पहिला, भाडं स्वीकारून प्रवाशाकडे जाणं हा दुसरा, प्रवासी बसल्यापासून उतरेपर्यंत तिसरा. कंपनी पैसे मुख्यतः तिसऱ्या भागाचे देते. गाडीचं टायर मात्र तिन्ही भागांत सारखंच झिजतं.

गेल्या फेब्रुवारीतल्या एका गुरुवारची डायरी माझ्यासमोर आहे. सहा वाजता निघाले. मेट्रोपार्क स्टेशनवरचं भाडं आलं, तिथवर चार मैल. न्यूअर्क विमानतळावर सोडलं, पंधरा मैल. विमानतळाजवळ चालकांनी थांबायची जागा आहे, तिथं पन्नास मिनिटं थांबले. पुढचं भाडं आलं नाही. घरी मुलीची परीक्षा होती म्हणून तशीच निघाले, एकोणीस मैल. एकूण अडतीस मैल, त्यांपैकी प्रवासी असलेले पंधरा. परतीच्या एकोणीस मैलांत ॲप चालूच होतं, वाटेत भाडं आलं असतं तर घेतलं असतं. कंपनीच्या कागदावर या संध्याकाळचे एकोणीस मैल झाले, माझ्या वहीत अडतीस.

मॅनहॅटनचं भाडं मिळालं की तफावत आणखी वाढते. न्यूयॉर्क शहरात प्रवासी घ्यायला तिथल्या टॅक्सी आयोगाचा परवाना लागतो. जर्सीच्या चालकाला तिथं प्रवासी उतरवता येतो, उचलता येत नाही. त्यामुळे परतीचे तीसेक मैल रिकामेच येतात. लिंकन बोगद्यातून हडसनखालून परत येताना मागची सीट मोकळी असते, तेव्हा हे मैल कुणाच्या खात्यात आहेत हा प्रश्न मला दर वेळी पडतो.

घरातून निघून पहिल्या भाड्यापर्यंतचे मैल हा नाजूक भाग आहे. नोकरीच्या जागी जाण्यायेण्याचा प्रवास कायद्यानं वजा होत नाही. ॲप चालू करून भाडं घेण्याच्या तयारीनं फिरणं धंद्यात मोडतं, पण नुसतं लांबच्या गर्दीच्या भागाकडे जाणं त्यात बसेल की नाही, हे ज्यानं त्यानं आपल्या करसल्लागाराला विचारून ठरवावं. कोणतंही ॲप हे तुमच्यासाठी ठरवत नाही. ते फक्त मैल मोजतं.

फोन कसा मोजतो

ॲप्सच्या दोन जाती आहेत. एकात निघताना बटण दाबायचं आणि थांबताना पुन्हा दाबायचं. दुसरं आपोआप ओळखतं. फोनमधला हालचालीचा संवेदक आणि जीपीएस मिळून 'हा माणूस आता गाडीत आहे' असं ताडतात, ठरावीक वेग किंवा अंतर झालं की नोंद सुरू करतात आणि गाडी काही मिनिटं थांबली की बंद करतात.

स्ट्राइड हे पहिल्या जातीचं आणि मोफत. ते चालवणारी कंपनी स्वतंत्र काम करणाऱ्यांना आरोग्यविमा मिळवून देते, तिची कमाई तिथून होते. मी महिनाभर तेच वापरलं. मैल नीट मोजले, पण सतरा तारखेला बटण दाबायचं विसरले आणि एकवीस तारखेला बंद करायचं विसरले. दुसऱ्या दिवशी मुलीच्या शाळेत गेले, तेही धंद्यात मोजलं गेलं.

माइलआयक्यू आपोआप ओळखतं. फेरी धंद्याची असेल तर बोट उजवीकडे सारायचं, घरची असेल तर डावीकडे. २०१५ मध्ये मायक्रोसॉफ्टनं ते विकत घेतलं होतं, नंतर ते पुन्हा वेगळं झालं. फिरतीवरच्या विक्रेत्याला ते फार सोयीचं. माझ्यासारखीच्या एका शनिवारी वीसपंचवीस तुकडे पडतात, त्यामुळे मोफत फेऱ्यांची महिन्याची मर्यादा लवकर संपते. एव्हरलान्सचंही तसंच, त्यात मैलांबरोबर खर्चही टिपता येतात. ट्रिपलॉगमध्ये गाडीच्या ब्लूटूथशी फोन जोडला गेला की नोंद सुरू करता येते. घरात दोन गाड्या असतील आणि धंद्याला एकच असेल, तर हे कामाचं. ग्रिडवाइज खास प्रवासी आणि पार्सलवाल्या चालकांसाठी बनलेलं आहे. वेगवेगळ्या ॲप्सवरची कमाई आणि मैल एकत्र दाखवतं, विमानतळावरची वर्दळ सांगतं. चालकांच्या आकडेवारीचं विश्लेषण विकणं हाही त्या कंपनीच्या धंद्याचा भाग आहे, हे घेण्याआधी माहीत असावं.

या सगळ्यांच्या किमती आणि मोफत मर्यादा बदलत असतात. त्यामुळे इथं आकडे देत नाही, घेतेवेळी पाहावेत. वर्गणी भरली तर तीही धंद्याचा खर्च म्हणून वजा होते.

आपोआप मोजणाऱ्या ॲप्सची नोंद मी रोज गाडीच्या रीडिंगशी ताडून पाहिली. फरक कुठं पडतो ते हळूहळू कळत गेलं. गाडी निघाल्याचं फोनला कळेपर्यंत सुरुवातीचा तुकडा निसटतो. लिंकन बोगदा दीड मैल लांब आहे, तिथं उपग्रह दिसत नाही. मॅनहॅटनच्या उंच इमारतींवरून लहरी परावर्तित होतात आणि नकाशावर गाडी रस्ता सोडून इमारतींमधून नागमोडी चाललेली दिसते. पण सगळ्यात मोठी भगदाडं पडतात ती फोनच्या सेटिंगमुळे. ॲपला ठिकाण पाहायची परवानगी 'वापरत असतानाच' एवढी दिली असेल, तर दुसरं ॲप उघडताच मोजणी थांबू शकते. चालकाचा फोन तर सतत दुसऱ्या ॲपवरच असतो. परवानगी 'नेहमी' अशी द्यावी लागते. बॅटरी वाचवण्याची सोय चालू असेल तर फोन मागं चाललेली ॲप्स गुपचूप बंद करतो. माझ्या एका महिन्यातली सहा दिवसांची नोंद अशीच गेली. ॲपनं चुकूनही तक्रार केली नाही.

थांब्यावरची माणसं

विमानतळाच्या थांब्यावर हिवाळ्यात गाड्यांच्या काचा वर असतात. उन्हाळ्यात लोक खाली उतरतात आणि बोलणं निघतं.

बडोद्याहून आलेले एक काका निवृत्तीनंतर गाडी चालवतात. त्यांच्या डॅशबोर्डला दोऱ्यानं बांधलेली छोटी वही आणि पेन आहे. "बेन, फोन पडला, पाण्यात गेला, तर वरस गयूं," असं ते आपल्या गुजराती वळणाच्या मराठीत म्हणाले. त्यांची नोंद दिवसाला एका ओळीची असते आणि शेजारी त्या दिवसाच्या कमाईचा आकडा.

एक तरुण मुलगी एकाच वेळी तीन ॲप्सवर जेवणाची पार्सलं नेते. तिचे मैल तीन कंपन्यांच्या तीन कागदांवर विखुरलेले. एका ऑर्डरवरून दुसऱ्या कंपनीच्या ऑर्डरकडे जातानाचे मैल तिघींच्याही कागदावर नाहीत. तिच्यासाठी आपोआप मोजणारं ॲप ही चैन नव्हती. हातात पिशव्या असताना बटण दाबायला तिला सवड कुठली?

हैतीहून आलेले एक गृहस्थ महिन्याला वर्गणी भरतात, पण महिनाअखेरीस सगळी नोंद स्वतःला ईमेल करतात. त्यांचं आधीचं ॲप एक दिवस बंद पडलं आणि दोन वर्षांचे मैल त्यातच राहिले. करखातं साधारण तीन वर्षांपर्यंत मागचं विचारू शकतं. तेवढा काळ टिकेल अशी नोंद आपल्या हाती हवी, ॲपवाल्यांच्या हाती नको, असं ते सांगत होते.

निवड करताना

या माणसांकडून आणि माझ्या चुकांमधून जे उरलं ते असं.

आधी आपलं काम पाहावं. दिवसाला दोन-तीन लांब भाडी असतील तर बटणाचं मोफत ॲप पुरतं. तुकडे पुष्कळ असतील, हात गुंतलेले असतील, तर आपोआप मोजणारंच घ्यावं आणि वर्गणीचा हिशेब शंभर मैलांच्या भावाशी लावून पाहावा. महिन्यात निसटणारे मैल वर्गणीपेक्षा महाग पडतात की नाही, हे चार आठवड्यांत कळतं.

मग बघावं, ॲपचा अहवाल कसा निघतो. तारीख, ठिकाण, कारण, मैल हे सगळं प्रत्येक ओळीला आहे का? नोंद पीडीएफमध्ये आणि तक्त्यात बाहेर काढता येते का? चुकलेली फेरी दुरुस्त करता येते का, आणि दुरुस्ती केल्याचं दिसतं का? कागदावर नीट न उतरणारं ॲप कितीही सुंदर दिसलं तरी करखात्यासमोर उपयोगाचं नाही.

तिसरी गोष्ट खासगीपणाची. हे ॲप 'नेहमी' पाहत असतं. मी कोणत्या दवाखान्यात गेले, कुठल्या मैत्रिणीकडे किती वेळ थांबले, सगळं त्याच्याकडे जातं. ते माहितीचं काय करतं हे वाचून घ्यावं. काम संपल्यावर मोजणी बंद करण्याची सोय त्यात असावी, म्हणजे निदान कामाचे तास ठरवता येतात.

आणि ॲप कोणतंही असो, गाडीचं रीडिंग डायरीत लिहावं. १ जानेवारीला सकाळी आणि ३१ डिसेंबरला रात्री ओडोमीटरचा फोटो काढावा. रोज निघताना आणि परतल्यावर दोन आकडे टिपावेत. याला दहा सेकंद लागतात. फोन निसटलेला तुकडा दाखवत नाही, पण गाडीचा आकडा दाखवतो. मी आता बटणाचं मोफत ॲप आणि डायरी असं दोन्ही चालवते. रविवारी रात्री दोन्ही ताडून पाहते आणि महिन्याच्या पहिल्या तारखेला नोंद बाहेर काढून ठेवते.

मोजणारा कोण

हे सगळं लिहिताना एक गोष्ट मला अस्वस्थ करते. रिकाम्या मैलांचा भार चालकानं का उचलायचा?

२०१८ मध्ये न्यूयॉर्कच्या टॅक्सी आयोगासाठी जेम्स पॅरट आणि मायकेल राइश या अर्थतज्ज्ञांनी चालकांच्या कमाईचा अभ्यास केला. त्यावरून आयोगानं किमान मोबदल्याचं जे सूत्र ठरवलं, त्यात चालकाच्या कामाच्या वेळेपैकी प्रवासी असलेला वेळ सुमारे ५८ टक्के धरला आणि दर त्या प्रमाणात वाढवून दिला. रिकामा वेळ मोबदल्याच्या गणितात आला. कॅलिफोर्नियात मात्र नोव्हेंबर २०२० मध्ये मतदारांनी मंजूर केलेल्या प्रस्ताव २२ नं चालकाला मैलाला ३० सेंट देऊ केले, तेही भाडं स्वीकारल्यापासून पोचवेपर्यंतच्या मैलांनाच. पुढे महागाईप्रमाणे तो दर वाढत गेला. २०२० मध्ये करखात्याचा दर मैलाला ५७.५ सेंट होता. एका सरकारी कार्यालयानं मैल चालवायला एवढा खर्च येतो म्हणून सांगावं आणि दुसऱ्या कायद्यानं त्याच्या जवळपास निम्मा द्यावा, तोही अर्ध्याच प्रवासाचा, हे मला पटत नाही.

पुण्यात माझा मावसभाऊ ॲपवर टॅक्सी चालवतो. तो याला 'डेड किलोमीटर' म्हणतो. १ जुलै २०२५ च्या केंद्र सरकारच्या मार्गदर्शक सूचनांत मूळ भाडं किमान तीन किलोमीटरचं धरायला सांगितलंय, आणि त्यामागे हेच रिकाम्या किलोमीटरचं कारण दिलंय. फोनवर मी त्याला हे सांगितलं तेव्हा त्यानं विचारलं, "हिंजवडीहून मोकळी गाडी आणतो, ते तीनच किलोमीटर असतात का गं, ताई?"

धोरण करणाऱ्यांना रिकामे मैल दिसायचे असतील तर ते आधी कुठंतरी लिहिलेले असायला हवेत. कंपनीकडे प्रत्येक वळणाची नोंद असते, पण ती कंपनीची. चालकाकडे स्वतःची वही असेल तरच त्याच्या शब्दाला आकड्याचा आधार मिळतो, मग समोर करखातं असो, आयोग असो की न्यायालय. म्हणून ॲपची निवड मला किरकोळ बाब वाटत नाही.

गेल्या पाडव्याला पूजा आटोपल्यावर साताऱ्याला व्हिडिओ कॉल लावला. अण्णा आता ब्याऐंशीचे आहेत. "ती वही दाव," म्हणाले. मी डायरीचं पान कॅमेऱ्यासमोर धरलं. त्यांनी चष्मा लावला, फोन नाकाशी नेला आणि ओठ हलवत ओळी वाचू लागले. एका जागी थांबले.

"बाळ, शनवारी रात्री बंद केलीस त्ये रीडिंग आणि सोमवारी सकाळी काढलीस त्ये रीडिंग, मधी एकतीसचा फरक हाय. त्ये कुटं गेलं?"

मी पान माझ्याकडे वळवलं. खरंच एकतीस. "अण्णा, रविवारी आम्ही ब्रिजवॉटरला बालाजीच्या देवळात गेलो होतो. घरचं होतं म्हणून लिहिलं नाही."

"मग घरचं म्हणून लिही."

मी पेन घेतलं आणि दोन ओळींच्या मधल्या जागेत लिहिलं: रविवार, ब्रिजवॉटर, देवदर्शन, ३१ मैल, घरचे. पान पुन्हा कॅमेऱ्यासमोर धरलं. अण्णांनी बोटानं ती ओळ वाचली आणि मान हलवली.